शंकरपाळी

सहांपैकी चार संगणक धड.
पाचव्याचा माऊस उजवीकडेच पळतो,
सहावा गणपतीपासून बंद, त्याच्यावर मी हजेरीपट ठेवते.
हर्णैच्या शाळेची ही मागची खोली:
खिडकी उघडली की लिलावाचा गलका,
मिटली की सुकटीचा वास आतच बसून राहतो.

आज कोड नाही, म्हटलं. नुसते आकार.
बोटाने ओढायचे, पडद्यावर सोडायचे,
एकातून दुसऱ्याकडे बाण.
लंबगोल म्हणजे सुरुवात, आणि लंबगोलच शेवट.
आयत म्हणजे काम.
कललेला चौकोन, काही आत घ्यायला, काही बाहेर द्यायला.
'ही तर ओहोटीला रुतलेली होडी,' प्रणित चोगले म्हणाला.
आणि हा, टोकावर उभा राहिलेला –
'शंकरपाळी!'
अख्खी खोली एकदम.
पुस्तकात 'निर्णय-चौकट' छापलंय.
मी माझ्या प्रतीत ते खोडलं.

शंकरपाळीला एकच प्रश्न विचारायचा,
उत्तर हो, नाहीतर नाही.
'बघू', 'येल तो', 'तुला काय करायचंय'
ही उत्तरं यंत्राला चालत नाहीत.
(म्हणजे माझ्या सासरचं कुणी
यंत्रात बसणार नाही.)

यास्मिन मिरकरने बांगड्याचं कालवण मांडलं.
बांगडे धू. वाटण लाव. तिरफळं ठेच, चार.
उकळी. मग शंकरपाळी:
मीठ बरोबर?
नाही – चमचाभर घाल, वर जा, पुन्हा चाख.
हो – उतरव.
तो मागे वळून येणारा बाण
मी फळ्यावर हातभर मोठा काढला.
ह्याला लूप म्हणतात, आपण वळसा म्हणू.
स्वतःवरच खूश होते मी.

भिंतीजवळून भाविका पावसे,
जूनपासून जिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकलाय:
'बाई, नाही म्हणजे कमी की जास्त?'

कुणी काही बोलेना.
ती उठली, मिठाच्या रकान्यात नऊ टाकले.
हवे होते तीन.
'चालवा' दाबलं.
हिरवा ठिपका निघाला: शंकरपाळी, नाही, घाल, वर.
दहा. अकरा. शंकरपाळी, नाही, घाल.
एकशे चाळीस. पोरं बाकांवर चढली.
चार हजाराला प्रणितने नळाचं पाणी पिऊन आल्यासारखं तोंड केलं.
कालवणाचा समुद्र झाला तरी
यंत्र आपलं इमानाने चाखतंय आणि घालतंय.

आता दुसरी शंकरपाळी आली: जास्त?
हो असेल तर?
पाणी घाल. बटाटा टाक. नारळाचं दूध.
भावाला वाढ, त्याला काही कळत नाही.
भाविका म्हणाली, 'कालवणातून मीठ परत येत नाय.
बाण पुढेच न्यायला लागल.'
मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं,
कशासाठी, ठाऊक नाही.

सुटी झाली तरी ती बसून.
तिच्या पडद्यावर दुसरंच काही:
टोपली ठेव. भाव सांग.
वर कुणी जातंय?
हो – आकडा वाढव, परत विचार.
नाही – एकवार, दोनवार, तीनवार, दे.
'एकवार-दोनवार हे पण वळसेच ना, बाई?
आई रोज हेच करते. तिला संगणक येतो म्हणायचं.'

मग पहिल्या प्रश्नाआधीच एक शंकरपाळी खुपसली:
कुणी बोललंच नाही तर?
तिथून बाण काढला
आणि मोकळाच सोडला.
पडदा लाल झाला: बाण कुठेही पोहोचत नाही.
मी हात पुढे केला.

'ऱ्हाऊ दे लाल,' दप्तर उचलत म्हणाली.
'आज बर्फ पण महाग झालाय.
विचारून येते.'

खाली वाळूत बैलगाड्या उभ्या होत्या.
माझी दापोलीची एसटी सहा दहाची.
मशीन बंद करायचं होतं, केलं नाही.